गुलाब रोज सातला येत होता

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात गायकवाड काकांच्या दाराची आतली कडी समोरचा गॅरेजवाला पहारीने उचकटत होता आणि माझ्या फोनवर काकांचाच मेसेज आला. पिवळ्या अक्षरांत 'सुप्रभात', खाली लाल गुलाब. सकाळचे सात वाजले होते.

"ताई, काका बरे आहेत की! मेसेज टाकलाय बघा," त्याच गल्लीतली सुनीता म्हणाली. तिच्या जिवात जीव आला. गॅरेजवाल्याने पहार खाली घेतली. फुकट दार तोडलं तर उद्या म्हातारा आपल्याशी भांडेल, असा त्याचा चेहरा झाला.

"तोड," मी म्हटलं.

काका बाथरूमच्या उंबऱ्यावर पडलेले होते. डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओढलेलं, अंगाखाली सगळं ओलं. श्वास चालू होता. फोन मात्र पलंगाच्या उशाशी चार्जिंगला लावलेला, व्यवस्थित. फोन रात्रभर चार्जिंगला लावायचा हे मीच सगळ्यांना शिकवलं होतं.

अँब्युलन्समध्ये सुनीता सारखं एकच म्हणत होती, "ताई, काल पण गुलाब आला होता हो. परवा पण." गुलाब कोण पाठवतं हे मला माहीत होतं.

मी एका संस्थेच्या प्रकल्पात फील्ड कोऑर्डिनेटर होते. त्याआधी कात्रपला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे, त्यामुळे एकच गोष्ट दहा वेळा सांगायची सवय होती. प्रकल्प चांगला होता, हे आधी सांगते. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरमध्ये एकटे राहणारे वयस्कर लोक शोधायचे, त्यांना स्मार्टफोन द्यायचा आणि तो वापरायला शिकवायचं. वर्ग कुठे विहारात, कुठे ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर, उल्हासनगरला सिंधी लोकांच्या दरबारात, म्हणजे त्यांच्या मंदिरात. गल्लीतलीच एखादी बाई 'सखी' म्हणून नेमायची. कुणाचा फोन अडला की ती जाऊन सोडवणार. हेंद्रेपाड्याची सखी सुनीता.

गायकवाड काका मोरिवलीच्या रंगाच्या कारखान्यातून रिटायर झालेले. बायको गेली, मुलगी लग्न होऊन अंबरनाथला. नदीचं पाणी शिरतं म्हणून तळमजल्यावरची बाकी बिऱ्हाडं हळूहळू निघून गेली आणि काका खाली एकटे राहिले. कारखान्यात रसायनांनी त्यांच्या बोटांची टोकं अशी घासली होती की टच स्क्रीनला त्यांचं बोट समजायचंच नाही. टाइप करायला बसले की घामाघूम व्हायचे. "मॅडम, हा फोन मला माणसात धरत नाय," असं वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले होते. मग मी त्यांना माइकचं बटण दाखवलं. अंगठा आडवा करून दाबून धरायचं आणि बोलायचं. ते त्यांना जमलं. त्या दिवसापासून काका थांबलेच नाहीत.

व्हॉट्सअॅपवर आमचा सगळ्यांचा एक ग्रुप होता. त्यातून आपोआप एक पद्धत पडली. सकाळी प्रत्येकाने काहीतरी टाकायचं. फूल, देवाचा फोटो, नातवाचा फोटो, काहीही. नऊपर्यंत कुणाचं काही आलं नाही, तर त्या भागातल्या सखीने चप्पल घालून त्या घरी जायचं. लोक 'गुड मॉर्निंग'च्या मेसेजना हसतात. माझा मुलगाही हसतो. आमच्याकडे ती हजेरी होती.

काकांची हजेरी ठरलेली: "जय भीम. गायकवाड बोलतोय, हेंद्रेपाडा. नळाला पाणी आलंय, पण बारीक. गुडघा कालच्यासारखाच." पाणी नसेल तर पाणीवाल्यांचा उद्धार. उल्हासनगरच्या मोहिनी आँटींना हेंद्रेपाड्याच्या पाण्याशी काय देणंघेणं? पण त्या काकांचं रोज ऐकायच्या आणि उलट बोलायच्या, "जय भीम दादा. हमारे यहाँ भी पाणी बारीक है." 'बारीक' हा शब्द त्या काकांकडूनच शिकल्या. गुडघ्यांमुळे आँटींचं घराबाहेर पडणं जवळजवळ बंद झालेलं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

मग संस्थेचं स्वतःचं अ‍ॅप आलं.

व्हॉट्सअॅपवर लोक काय करतात ते ऑफिसच्या डॅशबोर्डवर दिसत नाही. डॅशबोर्ड म्हणजे साहेबांच्या स्क्रीनवरचा तक्ता. कुठल्या सेंटरचे किती लोक रोज फोन वापरतात ते त्यात दिसतं. वापरला तर माणूस हिरवा, नाही वापरला तर लाल. देणगीदारांना हिरवा रंग दाखवावा लागतो. म्हणून ग्रुप अ‍ॅपमध्ये हलवला. म्हाताऱ्या माणसांना नवीन अ‍ॅप म्हणजे नव्या घरात रात्रीचा दिवा शोधण्यासारखं. निम्मे लाल झाले. तेव्हा ऑफिसने त्यावर इलाज काढला: ऑटो ग्रीटिंग. फोन चालू असला आणि नेट असलं की रोज सातला प्रत्येकाच्या नावाने गुलाब आपोआप जाणार. माणसाने काही करायचं नाही.

मी आमच्या प्रोजेक्ट हेडना फोन केला. वयाने माझ्या भाच्याएवढे, पण सर म्हणायचं. "सर, सकाळचा मेसेज आमची हजेरी आहे. तो आपोआप गेला तर माणूस उठलाय की नाही कसं कळणार?"

"मॅडम, सीनियर्सना सोपं झालं ना? फ्रिक्शन कमी केलं आपण."

"सर, तेवढा त्रासच तर हवा होता. त्यांनी स्वतः उठून करावं, हे."

"मॅडम, तुम्ही फार इमोशनली बघता. एमर्जन्सीसाठी हेल्पलाइन आहे ना."

हेल्पलाइन होती. ती आल्यावर आम्हा फील्डच्या लोकांचे नंबर अ‍ॅपमधून काढून टाकले. व्हॉट्सअॅपचा ग्रुप बंद झाला, तसे तिथलेही गेले. तक्रार एकाच खिडकीत यावी म्हणून. ती खिडकी कुठल्या गावात होती ते मला आजतागायत माहीत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

पहिल्याच आठवड्यात आमचं सेंटर हिरवंगार झालं. ऑफिसकडून अभिनंदनाचा मेल आला. नऊनंतर घरोघरी जायची वेळच सखींवर येईना. जाणार कशाला, सगळे हजर! लोकांनी हळूहळू स्वतःचं काही टाकणं सोडलं. काका मात्र बोलत राहिले. "ते गुलाब काय मी पाठवत नाय. मी हा बोलतोय," असं एकदा मुद्दाम बजावून सांगितलं. ऐकणाऱ्या उरल्या एकट्या मोहिनी आँटी.

पुढचं मला आँटींनी सांगितलं. एके सकाळी गुलाब आला, आवाज आला नाही. त्यांनी अ‍ॅपवरूनच काकांना फोन लावला. उचलला नाही. त्यांनी हेल्पलाइनला फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, यूजर अ‍ॅक्टिव्ह है. आज सुबह सात बजे उन्होंने मेसेज भेजा है."

"बेटा, वो गुलाब है. दादा का आवाज नहीं है."

"मॅम, सिस्टम में ग्रीन दिखा रहा है."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गुलाब, पुन्हा तोच फोन, पुन्हा ग्रीन. आँटींना हेंद्रेपाडा कुठे आहे हेही माहीत नव्हतं. माझा नंबर त्यांच्याकडे नव्हता. तिसऱ्या दिवशी पहाटे ती बाई, जिला जिना उतरायला दोघांचा आधार लागतो, एकटी जिना उतरली, रिक्षा केली आणि दरबारात गेली. आमचा वर्ग तिथे भरायचा, म्हणून तिथल्या सेवादाराकडे माझा नंबर होता. मला फोन केला तेव्हा त्या धापा टाकत होत्या.

"बेटा, तू जा के देख. गुलाब झूठ बोलता है."

कात्रपवरून रिक्षात बसता बसताच मी सुनीताला फोन केला. बाकीचं वर सांगितलंच आहे.

पक्षाघात होता. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा मी तिथेच उभी होते. जीव वाचेल, पण उजवी बाजू आणि बोलणं कठीण आहे. "पहिल्या काही तासांत आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती," ते म्हणाले. मुलीने माझ्याकडे बघितलं. तिच्याकडेही अ‍ॅप होतं. रोज सकाळी वडिलांचा गुलाब बघून ती कामावर जात होती. "मी त्यांना उलटा नमस्कार पण पाठवला हो," एवढं बोलून ती भिंतीला टेकून रडायला लागली. मला राग आला होता, इतका की डोळ्यांतून पाणी येईना.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात मीटिंग झाली. चहा, बिस्किटं, स्क्रीनवर आमचा तक्ता. गायकवाड काका त्यात त्या तिन्ही दिवशी हिरवे होते.

"मॅडम, व्हेरी सॅड. पण रिपोर्टमध्ये 'अ‍ॅपमुळे उशीर झाला' असं नका लिहू," सर म्हणाले. "अ‍ॅपने तर काम केलं. मेसेज वेळेवर गेला."

"माणूस जमिनीवर पडलेला असताना गेला, सर."

"टेक्निकली यूजर अ‍ॅक्टिव्ह होता."

"सर, ते तीन दिवस काकांनी एकच काम केलं. पडून राहिले. त्याला अ‍ॅक्टिव्ह म्हणायचं असेल तर म्हणा."

एकाने बिस्किट चहात बुडवलं होतं, ते तुटून आत पडलं. शेवटी सर म्हणाले, ऑटो ग्रीटिंग ऐच्छिक करू. ऐच्छिक केलं, म्हणजे सेटिंगमध्ये आत खोल कुठेतरी बंद करायचं बटण दिलं. ज्यांना फोनचा आवाज वाढवता येत नाही, त्यांनी ते शोधायचं.

मी आणि सखींनी घरोघर जाऊन एकेकाच्या फोनवर ते बंद केलं. बंद करताना प्रत्येकाला काकांचं सांगावं लागलं. ऐकून कुणी आपणहून माइक दाबून बोलून दाखवायचं, "हे बघा मॅडम, मी आहे." आमचं सेंटर महिन्याभरात लालभडक झालं. सगळ्या सेंटरांत शेवटचा नंबर. वर्ष संपलं तेव्हा माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. कारण विचारलं तर 'परफॉर्मन्स' असं उत्तर आलं. दुसऱ्या दोन सेंटरांत गुलाब अजून चालू आहे असं ऐकते.

व्हॉट्सअॅपचा ग्रुप आम्ही पुन्हा सुरू केला. पगार नाही, डॅशबोर्ड नाही. सुनीता आणि बाकीच्या सखी जमेल तसं बघतात. नियम जुनाच, नऊचा. एक नियम नवीन: फूल चालणार नाही, आवाज पाहिजे.

काका आता अंबरनाथला मुलीकडे असतात. सकाळी फोन हातात मिळेपर्यंत चहा घेत नाहीत, असं ती सांगते. डाव्या हाताचा अंगठा आडवा करून बटण धरतात. ग्रुपवर येतो तो नुसता एक 'आ', लांबलेला, मध्येच तुटणारा. त्यात जय भीम आहे की पाणी आहे की गुडघा, आम्हाला कळत नाही. मोहिनी आँटी तो पूर्ण ऐकतात आणि उत्तर देतात, "जय भीम दादा. इधर पाणी आया, बारीक."

लाल रंग दिसला की कुणीतरी बघायला जातं, हिरवा दिसला की कुणी जात नाही. एवढाच धडा या नोकरीत मी शिकले. तो सरांना कळावा म्हणून काकांचा आवाज गेला असं म्हणावं, तर सरांना अजून कळलेला नाही.