पुठ्ठ्यामागचा फासा

हे मी आजवर सांगतलं नाई. आईले नाई, नवऱ्याले नाई. एकीले सांगतलं — जिले सगळ्यात आधी सांगाले पाहिजे होतं तिले — तेबी आत्ता गेल्या पावसाळ्यात, अन् तेबी फोनवर. आता तुमाले सांगून राह्यली. तुमाले हसू येईन कदाचित. गोष्ट खेळातली आहे. पण मी जे केलं — ते खेळ नव्हतं, बाप्पा.

गडचिरोलीले मी लॅबमध्ये नोकरीले लागली तेव्हाची गोष्ट. आमी चौघं दर रविवारी दुपारी माझ्या खोलीवर जमायचो, रोल-प्लेइंग गेम खेळाले. माहीत नसन तर ऐका — एक जण गोष्ट सांगते, त्याले गेम मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्रानं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, अन् जमलं का फसलं ते दोन फासे ठरवतात, जास्त पडले तर जमलं. विकतचा खेळ महाग पडे, म्हून आमी घरचाच बनवला. म्हणजे मी बनवला. मास्टरबी मीच. अन् मले ते मास्टर होणं लय आवडे — आता लपवून काय करू?

खेळात सगळ्यांले सारखे पॉइंट. त्या पॉइंटात आपल्या पात्रासाठी गुण घ्यायचे. तलवार महाग, जादू त्याहून महाग. बॅलन्स राहाले पाहिजे ना — एकट्यानंच सगळ्यांले लोळवलं तर बाकीच्यांनी काय भजे खात बसायचं? किमती मी लावल्या. शेवटी आणखी एक गुण सुचला, वाट ओळखणं. तो जवळजवळ फुकटात ठेवला. मी चंद्रपूरची. मले वाट म्हणजे एसटी जाते तो रस्ता. त्यात काय ओळखाचं?

राहुलनं तलवार घेतली. पूनमनं जादू. सविता मात्र भामरागडकडची; इथी शिकाले आली होती, कमी बोलणारी. तिनं वाट ओळखणं घेतलं अन् आपले सगळे पॉइंट त्याच्यावरच लावले. राहुल म्हणे, "अवं, लढाईत काय करशीन?" ती म्हणे, "लढाईत जाईनच काऊन?"

तेव्हा आमी खूब हसलो.

पण खेळ सगळा जंगलातला होता — अन् जंगलात वाट ओळखणंच सगळ्यात मोलाचं, हे माझ्याच डोक्यात आलं नव्हतं. मी घाटात दरोडेखोर बसवले, तर ही सगळ्यांले नाल्यानाल्यानं घेऊन गेली. मी पूर आणला, हिले नदीचा उतार माहीत. मग मी एक राजा बनवला. किल्ला, पहारे, सापळे, सगळं. कामावर रक्ताच्या बाटल्या लावता लावताबी त्याच राजाचा विचार. अन् सवितानं काय विचारलं? "किल्ल्यावरची जनावरं पाणी प्याले कुठून उतरतात?" झालं. मागच्या अंगानं चढले, कैदी सोडवले, राजाले पत्ताच नाई. राहुल तर टेबल बडवून हसला. "मास्टरची हवाच निघाली." सगळे खुश होते. मीबी हसली. आतून मात्र माझ्या अंगाची लाही झाली होती.

तुमी म्हणान, मंग किंमत वाढवायची होती. हाव, तेच तर. "माझं चुकलं, हा गुण मी स्वस्त लावला, आता महाग करू" — एवढं म्हटलं असतं तर कोणी नाई म्हणालं नसतं. सविता तर नाईच. पण चुकलं म्हणायची लाज वाटली मले. का राग होता? दोन्ही असन.

मास्टरचे काही फासे लपवून टाकायचे असतात. माझ्यासमोर एक पुठ्ठा उभा असे, त्याच्यामागं. खेळणाऱ्यांनी मास्टरवर भरोसा ठेवायचा, एवढीच त्याची रीत. पुढच्या रविवारी सगळे धुक्यात अडकले. सविता म्हणे, "मी वाट काढते." मी पुठ्ठ्यामागं फासे टाकले. पाहिले. अन् म्हटलं — फसलं.

नव्हतं फसलं.

तिनं दाखवलेल्या वाटेनं सगळे दलदलीत गेले. पूनमचं पात्र मेलं. राहुलचं मेलं, अन् त्यानं तर ते पहिल्या दिवसापासून जीव लावून वाढवलं होतं. त्याचं तोंड उतरलं. तो म्हणे, "तुले कोणी सांगतलं होतं वाट दाखवाले?" सविता आपल्या पात्राच्या कागदाकडे पाहत राहिली. मंग म्हणे, "माझंच चुकलं असन. सॉरी." अन् मी? मी सगळ्यांले चहा दिला. वरून साळसूदपणे म्हटलं, "फाशाचं काय, बिचारीच्या हातात थोडंच असते." बिचारी म्हटलं मी तिले.

त्यानंतरच्या नव्या खेळात तिनं तलवार घेतली. राहुल सांगन तिकडे फासा टाके. काही रविवार आली, मंग येणं बंद झालं. आमाले वाटलं, अभ्यास असन. मले माहीत होतं काय असन ते.

मधे बरीच वर्षं गेली. सविता आता भामरागडकडेच शाळेत शिकवते. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी तिचा फोन आला. पुरानं रस्ता बंद, पोरी होस्टेलात अडकलेल्या, म्हून तिनं त्यांच्यासाठी आपलाच तो जुना खेळ काढला होता. मले विचाराले फोन केला — मलेच — की बॅलन्स कसा ठेवू? "तू मस्त ठेवायची ना," म्हणे. मंग हसत हसत म्हणाली, "एक पोरगी वाट ओळखणंच पाहिजे म्हून हटून बसली आहे. मी म्हटलं नको घेऊ, त्यानं आपलीच माणसं मरतात. मी मारून बसली आहे."

मले हसता आलं नाई. एवढी वर्षं ती ते घेऊन बसली होती, अन् आता ते त्या पोरीच्या पदरात टाकून राह्यली होती. माझं खोटं, तिच्या तोंडून.

मी सांगतलं. अडखळत सांगतलं. पुठ्ठ्यामागं काय केलं ते, अन् काऊन केलं तेबी.

पलीकडून पोरींचा गलका ऐकू येत होता. तिनं विचारलं, "किती पडले होते?"

"दोन्ही सहा," मी म्हटलं.

"म्हणजे आपण निघालो असतो तिथून."

"हाव. तू बरोबर होती."

राहुललेबी आता हे वाचून कळन, अन् त्याले काय वाटायचं ते वाटो. तिनं मले माफ केलं का, हे मी विचारलं नाई. विचारणारबी नाई.

फोन तिनं बंद केला नव्हता, नुसता बाजूले ठेवला होता. तिचा आवाज आला, "ए, तू घे वं वाट ओळखणं." पोरगी म्हणे, "पण मॅडम, तुमीच तर नाई म्हटलं होतं." सविता म्हणे, "मले चुकीचं सांगतलं होतं कोणीतरी. पण त्याले पॉइंट जास्ती लागतीन, लय ताकदीचा गुण आहे तो." मंग पोरगी भराभर सांगाले लागली, कोणत्या झाडाकडून वळायचं, नाला कुठी ओलांडायचा. अन् सविता तिले म्हणत होती, "हळू सांग. मी ऐकून राह्यली."