बेटावरची बस, मंगळवार पेठ

प्रशांत महासागरातल्या एका बेटाची लोकप्रिय संस्कृती, असा विषय मी एम.फिल.ला घेतला तेव्हा मी समुद्रच पाहिलेला नव्हता. नव्वदच्या दशकाची अखेर होती. आम्ही मंगळवार पेठेत राहायचो आणि पाणी म्हटलं की आम्हाला रंकाळा तलाव पुरेसा होता. विषय माझ्या मार्गदर्शक बाईंनी सुचवला. तरुणपणी त्या काही वर्षं त्या बेटावर शिकवायला होत्या आणि येताना खोकंभर कॅसेटी घेऊन आल्या होत्या. गिटारी, बायकांचे आवाज, मधेच तिथल्या रेडिओवरच्या निवेदकाचं हसणं. दुपारी दार लोटून मी त्या ऐकत पडायची. शब्द एकही कळायचा नाही. ऐकता ऐकता डोळा लागायचा आणि झोपेत आमच्या माडीच्या खोलीला चारी बाजूंनी पाणी लागायचं.

घरात याची यथेच्छ टिंगल व्हायची. माझा थोरला भाऊ रिक्षा चालवायचा. "आमच्या पेठंत संस्कृती काय कमी पडली व्हय गं? पार समुद्रापल्याड कशाला जातीस?" असं तो जेवताना हमखास विचारायचा. त्याच्या रिक्षाला आरसे, पितळी नळ्या, मखमली बैठक, आत गाणी. रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धेसाठी तो ती नवरीपेक्षा जास्त सजवायचा. माझ्या डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या या गोष्टीवर कुणी प्रबंध का लिहीत नाही, असं मला तेव्हा वाटलं नाही. मी आपली बेटावर रमले होते.

बाईंनीच माझी त्याच्याशी गाठ घालून दिली. तो त्या बेटावरचाच, शिष्यवृत्तीवर इथं शिकायला आलेला, वसतिगृहात राहणारा. उंच, रुंद खांद्यांचा, अगदी हळू बोलणारा. रस्त्यात लोक त्याला पैलवान समजून वाट द्यायचे आणि "कुठल्या तालमीचं, पावणं?" म्हणून विचारायचे. त्याला प्रश्न कळायचा नाही, तो नुसता हसून मान डोलवायचा. मग ज्यानं विचारलं त्याच्या तालमीचाच तो ठरायचा.

ग्रंथालयामागच्या झाडांखाली बसून आम्ही बोलायचो. माझं इंग्रजी शिकलेलं, त्याचं ऐकलेलं, पण निभायचं. मी गाण्यांचं विचारलं की तो बसचं सांगायचा. त्यांच्याकडे गाणी घरात ऐकतच नाहीत, बसमध्ये ऐकतात, असं तो म्हणाला. खिडक्यांना काचा नाहीत. पाऊस आला की ताडपत्रीचे पडदे सोडायचे. प्रत्येक बसला रंग वेगळा, नाव वेगळं, आणि ड्रायव्हरच्या आवडीच्या कॅसेटी. आवडीच्या गाण्यांसाठी लोक समोर आलेली बस सोडून देतात. मला हे इतकं आवडलं की प्रबंधाचा रोखच मी बसकडे वळवला. त्याला म्हटलं, बंदरापासून तुझ्या घरापर्यंतचा सगळा रस्ता सांग.

तो डोळे मिटून सांगू लागला. बाजार, टेकडी, पूल, चर्च, मग उसाची शेतं. "मग?" मी विचारलं. "मग माझं घर," तो म्हणाला आणि थांबला. "नाही. मधे काहीतरी आहे."

ते त्याला आठवेना. पुढच्या भेटीत तो तिथंच अडला, आणि त्याच्या पुढच्याही. शिक्षण संपेपर्यंत घरी जाणं शक्य नव्हतं. हळूहळू त्याला त्या हरवलेल्या तुकड्याची धास्तीच बसली. जेवण कमी झालं, वर्ग चुकू लागले. घरी फोन करून विचार की, असं मी म्हटलं. "मग ते आईला आठवलेलं असेल, मला नाही," तो म्हणाला. "आज हे गेलं. परत जाईपर्यंत घरच गेलं तर?"

मला तो आवडायला लागला होता, हे आता सांगायला काय हरकत आहे. त्याला ते आठवावं असं मला मनापासून वाटत होतं. आणि आठवलं की हा मनानं तिकडचा होईल, म्हणून भीतीही वाटत होती.

गणपती जवळ आले. माझ्या बेटाची बातमी भावानं आमच्या गल्लीच्या तालमीत पोचवली होतीच; गल्लीचा गणपतीही तीच बसवायची. यंदाचा देखावा बेटाचा, असं ठरवून पोरं मोकळी झाली. पानं नेसून नाचणारी माणसं आणि मधे शेकोटी! ऐकून माझं डोकंच फिरलं. मी तालमीच्या दारात उभी राहून सगळ्यांची खरडपट्टी काढली. ती आपल्यासारखीच शर्ट-चड्डी घालणारी, बसनं हिंडणारी माणसं आहेत, म्हटलं.

"मग काय बस दाखवायची?" भाऊ म्हणाला. "बस बघाय कोण येतंय? स्टँडवर फुकट दिसतीया की."

पण त्यानं पावण्याला एकदा आपल्या रिक्षातून फिरवून आणलं होतं. आरशांवरून हात फिरवत, आतलं गाणं ऐकत तो म्हणाला होता, आमची बस अशीच असते. ते भावाला आठवलं असावं. दुसऱ्या दिवशी तालमीपुढे फळ्या येऊन पडल्या.

बस झाली लाकडाची आणि प्लायवूडची, जागच्या जागी उभी. खिडकीबाहेर लांबच लांब कापड, दोन खांबांना गुंडाळलेलं. दोघांनी हँडल फिरवलं की बाहेरचं बेट मागे सरकायचं आणि बस चालल्यासारखी वाटायची. बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरनं माझ्या सांगण्यावरून चित्रं काढली. समुद्र रंकाळ्यासारखा हिरवा झाला. ऊस म्हटल्यावर त्याच्या हाताला राहवलं नाही, त्यानं मधे धूर ओकणारं गुऱ्हाळ उभं केलं. भाऊ खाकी शर्ट घालून कंडक्टर झाला. तिथं कंडक्टर नसतो, मी सांगून पाहिलं. "बिनकंडक्टरची बस म्हंजे? टेंपो हाय व्हय?" म्हणत त्यानं घंटी टांगली.

पहिल्या संध्याकाळी आरती झाल्यावर तो आला. "पावण्यास्नी आधी सोडा," म्हणत रांगेनं त्याला पुढे काढलं. तो खिडकीशी बसला, मी मागच्या बाकावर. कॅसेट लागली. पंख्याचं वारं सुटलं आणि कापड सरकू लागलं. हिरवा समुद्र आला, टेकडी गेली, पूल गेला. त्या गाण्यात, त्या वाऱ्यात क्षणभर मलाही वाटलं की आम्ही खरंच चाललो आहोत. चर्च गेलं. ऊस आला. गुऱ्हाळ दिसताच सगळे हसले, तोही हसला.

आणि त्याचा उजवा हात वर गेला.

खिडकीच्या वरच्या कडेनं त्याची बोटं काहीतरी शोधत होती. तिथं काहीच नव्हतं. मी गाणी विचारली होती, रंग विचारले होते, ताडपत्र्या विचारल्या होत्या. बस थांबवतात कशी, हे मला कधी सुचलंच नव्हतं. तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मग मागे वळला.

"झाड," तो म्हणाला. "नीरफणसाचं. रस्त्यावर वाकलेलं. त्याची सावली आत आली की दोरी ओढायची. मग घंटी वाजते." त्याचे डोळे वाहत होते आणि हात अजून वरच होता.

भावाला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण वर गेलेला हात त्याला कळला. त्यानं घंटीचा एकच टोला दिला. हँडलवाले थांबले, कापड थांबलं.

"उतरा पावणं," भाऊ म्हणाला, "आलं तुमचं गाव."

मला आनंद झाला. याला घर सापडलं होतं, आता हा कधी ना कधी जाणारच होता. तो उठला, वाकून दारातून उतरला. बाहेर आमचीच गल्ली, दिव्यांच्या माळा, पोरांना खांद्यावर घेऊन उभी माणसं. तो क्षणभर त्या उजेडात उभा राहिला. मला वाटलं, वसतिगृहाकडे वळेल. तो शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत चालत गेला आणि रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभा राहिला.