देशासाठी हर, म्हणाले

शिरोड्याच्या मैदानात शेवटची चढाई माझी होती. दोन गडी शिवून मी परत आलो आणि आमचा गाव जिंकला. भाऊसाब धावत आला. त्याने मला मिठी मारली.

भाऊसाब म्हणजे गावच्या मानकऱ्यांचा थोरला मुलगा. आमच्या हुतुतूच्या संघाचा कप्तान. मिठी चांगली घट्ट होती. मग त्याला आठवलं. त्याचे हात सैल झाले. दोन्ही तळवे माझ्या छातीवर ठेवून त्याने मला ढकललं. मी फक्कीच्या रेघेबाहेर पाठीवर पडलो.

"सामनो संपलो रे," तो म्हणाला. "आता लांब रव."

लोक हसले. मीही हसलो. ते हसू मला आज आठवतं तेव्हा तोंड कडू होतं.

मैदानाच्या कडेला विहीर होती. तिथे सगळा संघ अंघोळीला बसला. घागरीमागून घागर अंगावर ओतत होते, एकमेकांची चेष्टा करत होते. मी माडाखाली उभा. घशाला कोरड पडलेली. पाणी कुणी विचारलं नाही. मी मागितलं नाही. त्यांचा राग नंतर आला. आधी माझाच आला, की मी मागितलं का नाही.

मी महारवाड्यातला. शेजारच्या गावाकडून लागोपाठ हरल्यावर मानकऱ्यांना माझे पाय दिसले. देवळासमोर बैठक बसली. ठरलं, "खेळात विटाळ नाय." रेघेच्या आत मला शिवलेलं चालेल. सामना संपला की अंघोळ. असा शिट्टीवर चालणारा विटाळ मी दुसरा पाहिला नाही.

अडचण सरावाची होती. सामने वर्षाला चार-पाच, सराव रोजचा. रोज संध्याकाळी पुन्हा अंघोळ कोण करणार? म्हणून सरावात मला कुणी धरत नसे. मी चढाईला जाई. ते मागे सरत. कोणीतरी लांबूनच ओरडे, "धरलो रे!" आणि मी थांबे. चार वर्षं मला असं तोंडाने धरलं गेलं. मला वाटे, असंच असतं. सवय झाली की माणसाला काहीच टोचत नाही.

शिरोड्याच्या सामन्यानंतर महिनाभरात मी गाव सोडला. आई म्हणाली, "जा. हंय तुका कोण अडवता?"

तेरेखोलची खाडी होडीने ओलांडली की पाखल्यांचा, म्हणजे पोर्तुगीजांचा मुलूख. तेव्हा येणं-जाणं अजून बंद झालं नव्हतं. डिचोलीकडे एका लोखंडाच्या खाणीवर काम मिळालं. तिथल्या फोरमनचं नाव जुझे. त्याला खेळाचं वेड. माझं पळणं पाहून त्याने मला खाणीच्या संघात घेतलं. नाव विचारलं. जात विचारली नाही. मी सांगितली नाही. खोटं कुठे बोललो, असं मी मनाला समजावत असे. खोटंच होतं ते. सगळ्यांबरोबर जेवत होतो, एका खोलीत झोपत होतो, आणि रोज सकाळी उठताना वाटत होतं की आज कळेल.

दुसऱ्या वर्षी जत्रेला सामने ठेवले. अलीकडच्या गावांनाही बोलावणं गेलं. संघांची नावं वाचून दाखवली तेव्हा त्यांत आमचा गाव होता. पहिलाच सामना आमच्या खाणीच्या संघाशी.

आदल्या दिवशी दुपारी भाऊसाब मला शोधत खाणीवर आला. डोक्यावर पांढरी टोपी, खिशाला छोटा तिरंगा. चार हात लांब उभा राहिला.

"बरो आसस मा?"

"बरो आसंय."

"उद्या तुझ्या हातात आसा बघ. देशाचो प्रश्न आसा. पाखल्यांच्या मुलखात आपण हरलव तर तोंड खंय दाखवतलव? दोन वेळा मधीच दम सोड. बास. कोणाक कळूचा नाय."

मी हातातली पाटी खाली ठेवली.

"तू आमचो मा रे. आमच्या गावचो. भायर ऱ्हवलस म्हणान काय देश बदलता?"

आमचो. हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. तोही हरण्यासाठी.

मला देश नको होता असं नाही. झेंडा पाहिला की माझ्याही अंगावर काटा येई. पलीकडे गोऱ्या पोलिसाने हटकलं की मी ताठ मानेने गावाचं नाव सांगत असे. पण चार हातांवरून देश मागायला आलेल्या माणसाला काय द्यायचं, ते मला कळेना.

माझं गप्प बसणं त्याला नकार वाटलं. तसा नकार मी अजून दिला नव्हता. तो हळू आवाजात म्हणाला, "हंय कोणाक ठावक नाय मा, तू कोण तो? सांगू काय?"

मला भीती वाटायला हवी होती. दोन वर्षं ज्याला घाबरत होतो ते समोर उभं होतं. पण आत काहीच हललं नाही. बधिर झालेल्या पायावर कुणी चिमटा काढावा तसं झालं. मला माझाच आवाज ऐकू आला.

"तुमी कशाक? मीच उद्या सांगतलंय."

सामन्याच्या सकाळी संघ मैदानाकडे निघाला तेव्हा मी सगळ्यांसमोर जुझेला सांगितलं. मी महार आहे. आजवर लपवलं. खेळवायचं तर खेळव.

माझ्याबरोबर एका खोलीत झोपणारा गडी एक पाऊल बाजूला सरकला. जुझेने विडी पेटवली, दोन झुरके घेतले.

"जात कोणें विचारली? तूं खेळ," तो म्हणाला.

खेळलो. समोर माझाच गाव. सातही चेहरे ओळखीचे. पहिली चढाई. मी आत गेलो, दम धरून कोपऱ्यापर्यंत गेलो. त्यांनी घेरलं. हात पुढे आले आणि अर्ध्यावर थांबले. एक जण सवयीने ओरडला, "धरलो रे!"

मी थांबलो नाही. एकाला शिवून परत आलो.

मग माझ्या ध्यानात आलं. या लोकांनी मला कधी धरलेलंच नव्हतं. मी कोणत्या पायावर वळतो, कमरेत कसा वाकतो, माझा दम कुठे तुटतो, यांना काही ठाऊक नव्हतं. बाकीच्या गावांना ठाऊक होतं, त्यांनी मला धरलं होतं, आपटलं होतं. माझा स्वतःचा गाव तेवढा कोरा होता.

भाऊसाब कोपऱ्यातून ओरडत होता, "धरा रे, धरा!" त्यालाही धरता येत नव्हतं. शेवटी तो एकटा उरला. मी त्याच्यासमोर हुतुतू म्हणत उभा राहिलो. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. दम सोडायला एक क्षण पुरला असता. मी त्याच्या खांद्याला हात लावला आणि परत आलो.

खाणीचा संघ जिंकला. लोक ओरडत होते. मला आनंद झाला नाही. दुःखही झालं नाही. फक्त पायांत गोळे आले होते, ते मी चोळत बसलो.

गावाकडचा एक जण जाताना माझ्या बाजूला थुंकला. "देशाक विकलस रे," म्हणाला.

त्या दिवशी जेवणाच्या वेळी खाणीवर माझं ताट ओसरीवर मांडलेलं होतं. आत जागा होती. जुझेने ताट पाहिलं, मला पाहिलं, आणि आत जाऊन जेवायला बसला. म्हणजे पलीकडेही देव उतरले नव्हते. मी ताट उचललं, आत गेलो आणि जुझेच्या शेजारी बसलो. दोघे उठून गेले. मी पोटभर जेवलो.

पुढे हद्दीवरच्या वाटा बंद झाल्या, मी अलीकडे आलो, रेडीला खनिज भरायच्या कामाला लागलो. मग गोवा मोकळा झाला. मला त्या बातमीने रडू आलं, खरं सांगतो. देशाचं प्रेम मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्याच महिन्यात भाऊसाब रेडीला आला. आता सरपंच होता. गावात आनंदाचा सामना ठेवला होता. पलीकडचे लोकही येणार होते.

"झाला गेला विसर," तो म्हणाला. "आता एकच देश. गावातर्फे तू खेळ. कप्तान तूच."

"खेळतलंय," मी म्हणालो. "आधी मैदानात उभे ऱ्हवान लोकांक सांगा, की तेव्हा तुमी माका हरूक सांगितलात. आणि तुमका माका धरूक कित्याक येय नाय, ता पण सांगा."

तो हसला. "जुनी गोष्ट ती. लोकांसमोर कित्याक?"

"माका ढकललात ता लोकांसमोरच."

त्याने टोपी सारखी केली आणि निघून गेला. मी पाटी उचलली.

त्यानंतर तीन वेळा निरोप आला. तिन्ही वेळा मी हेच उत्तर पाठवलं. तो अजून बोललेला नाही. जोवर बोलत नाही तोवर मी त्या गावासाठी खेळणार नाही, आणि देशाचं नाव घेऊन मला कुणी बोलवायला आला, तर आधी त्याला विचारीन, लोकांसमोर खरं सांगतोस का.