वजाबाकी सर

सर मंगळवारी सकाळी धंतोलीतल्या इस्पितळात वारले. सोमवारी संध्याकाळी मी त्यांच्यापाशी होते.

आम्ही विद्यार्थी त्यांना ‘वजाबाकी सर’ म्हणायचो. कुणी काहीही सांगितले की ते आधी विचारत, “आपला वेग वजा केला का?” कामठीहून ते शेअर ऑटोने येत. एकदा शेजारचा प्रवासी म्हणाला, “आज हवा लय सुटली, सर.” सर म्हणाले, “हवा नाही गा, ऑटो पळून राहिला. सिग्नलवर सांगजो.” सिग्नलवर झाडाचे पानही हलत नव्हते.

तोच त्यांचा विषय. जमिनीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर हवेला स्वतःचा अंधूक हिरवा उजेड असतो. तिथे वारा वाहिला की त्या उजेडाचा रंग किंचित सरकतो आणि उपग्रहावरचे यंत्र ते सरकणे मोजते. पण उपग्रह स्वतःच सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक धावतो. रंग त्यानेही सरकतो. तो वाटा काढल्यावर जे उरते, तो वारा.

माझ्या प्रबंधात असा एक वारा निघाला होता, आम्ही कुणी पाहिला नव्हता एवढा जोराचा. सरांनी सही केली नाही.

“वजा केला का वं?”

मी केला होता, तीनदा. मी रागाने म्हणाले, “माझं नाव झालेलं तुम्हाला नको आहे.” ते चष्मा पुसत राहिले. पुढे पाच महिने मी त्यांच्या खोलीत पाऊल ठेवले नाही.

चूक शेवटी मलाच सापडली. अंतराळातल्या उष्णतेने यंत्राचा कोन केसभर हलला होता. उपग्रहाचा किती वेग वजा करायचा ते त्या कोनावर ठरते; मी मात्र जमिनीवर मोजलेलाच कोन धरला होता. वजाबाकी अपुरी राहिली होती. तोवर सर इस्पितळात होते.

“सापडला का वारा?” मला पाहताच त्यांनी विचारले.

“वारा नव्हताच, सर. आपलाच वेग होता.”

“मले वाटलंच होतं.”

“मग सांगितलं काहून नाही?”

“सांगतलं असतं त माह्यावर भरवसा ठेवला असता तू, आकड्यावर नाही.” मग खिडकीकडे पाहत म्हणाले, “पण पाच महिने चहा एकट्यानं प्यालो वं.”

मी माफी मागू लागले. त्यांनी हात हलवला. “ते वजा कर.”

उपग्रह अजून फिरतो आहे. आकडे रोज येतात, ते आता मी तपासते. प्रबंध दुरुस्त झाला. त्यावर सरांच्या सहीची जागा कोरी आहे.