क्रेटच्या कुलपाजवळची रांग

आई गेल्यावर बाबा एकटे पडू नयेत म्हणून मी पांढुर्ण्याला परत आली. दोन वर्षांपासून घरूनच काम करून राहिली आहे. काम कर्नलचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी तळाशी चालणाऱ्या प्रोग्रामचं. गेल्या महिन्यात मेमरीच्या वाटपानं डोकं खाल्लं होतं. मशीनमध्ये प्रोसेसर ढीगभर, पण मोकळ्या मेमरीच्या साठ्याला कुलूप एकच. एकानं कुलूप धरलं की बाकी सारे ताटकळत उभे. एवढं महागडं मशीन आणि नुसतं वाट पाहते! चीड यायची मला.

उपाय जुनाच होता. प्रत्येक प्रोसेसरजवळ थोडी मेमरी आधीच देऊन ठेवायची, ती संपली तरच कुलपाकडे यायचं. तो मी नीट बसवला, रांग जवळजवळ मोडली, आणि मी अशी फुगली की विचारू नका.

त्याच तोऱ्यात अंगणात गेली. बाबांचा संत्र्याचा व्यापार. रिकाम्या क्रेटच्या खोलीची किल्ली त्यांच्याच कमरेला. माल भरणाऱ्या टोळीतली बाई आली की बाबा सावकाश उठत, कुलूप उघडत, क्रेट देत, पुन्हा कुलूप लावत. मागे चार जणी उभ्या. अवो माय, हे तर माझंच मशीन!

"बाबा, सकाळीच प्रत्येक टोळीजवळ क्रेटची थप्पी ठेवून द्या ना. संपली तरच येतील तुमच्याकडे."

"तू म्हनतं तं करू," बाबा म्हणाले.

गाडी दुपारीच भरून निघू लागली. बाबा मात्र ताटावरून अर्धपोटी उठू लागले. आठवडाभर पाहिलं, मग चिडूनच विचारलं, "काय झालं, सांगाल का? काम तर लवकर होऊन राहिलं ना?"

"होऊन राहिलं न, बाई. गाडी टायमावर सुटते." ते अंगणात काम करणाऱ्या बायांकडे पाहत होते. "पन आता कोनी येतच नाही माह्याजवळ. क्रेट भेटेपर्यंत उभ्या राहत, तं कोनाची सून बाळंत झाली, कोन जामसांवलीच्या मारुतीले जाऊन आलं, सारं सांगत. तुही माय गेल्यापासून माह्यं तेवढंच तं बोलनं होये."

दोन वर्षं मी भिंतीपलीकडच्या खोलीत होती, कानात हेडफोन घालून.