पाइपाला कान लावणारे दाजी

आमच्या दाजींइतका उबेसाठी वेडा झालेला माणूस अख्ख्या मावळात दुसरा झाला नसेल, आणि ऐन उबेत बसलेल्या माणसाच्या अंगावर काटा आणण्यातही त्यांचा हात धरणारा मला कुणी भेटला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव बेगडेवाडीकडचं, पण उमेदीची वर्षं लोणावळ्याच्या इंजिन शेडमध्ये फिटर म्हणून गेली. कोळशाच्या धुराने छाती भरली तेव्हा रेल्वे सोडून ते नगरपालिकेच्या बॉयलरवर आले आणि आल्या आल्या त्यांनी कोळशाशी वैरच मांडलं. पावसाळ्यात आमच्याकडे धुकं दार न वाजवता घरात येऊन बसतं. प्रसूतिगृहातली दुपटी चार-चार दिवस वाळत नसत, शाळेतल्या वह्यांना बुरशी यायची, आणि मी जिथे ग्रंथपाल होते त्या वाचनालयातली पुस्तकं अशी फुगायची की कपाटातून ओढून काढावी लागत. दाजींनी अध्यक्षांच्या डोक्यात भरवलं, की भातगिरण्या नदीकाठी टाकून देतात ते तूस आणायचं, एकाच बॉयलरमध्ये जाळायचं आणि वाफेचा पाइप प्रसूतिगृह, शाळा, वाचनालय असा तिन्ही इमारतींतून फिरवायचा. सगळे हसले. दाजींनी मात्र एका उन्हाळ्यात मोडीत निघालेले पाइप जोडून, इमारतींमधल्या उघड्या तुकड्यांवर काथ्या आणि गोणपाट गुंडाळून, ती लाइन खरोखर उभी केली.

तिथून पुढे हा माणूस आपला राहिला नाही, असं ताईचं म्हणणं. बॉयलरची पाळी संपली की दाजी वाचनालयात यायचे, पितळेची एक सळई पाइपाला टेकवायचे, दुसरं टोक कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. फिटर लोक इंजिनाचं दुखणं असंच ओळखतात, त्यात नवल नव्हतं. पण दाजींना लाइनच्या पार दुसऱ्या टोकाचं ऐकू यायचं. "तितं बाळाला न्हाऊ घालत्यात," ते सांगायचे. एकदा म्हणाले, "शाळेत कुणीतरी रडतंय." शाळेला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून मी हसले. दुसऱ्या दिवशी कळलं, की शाळेचा शिपाई बंद वर्गात पाइपाला पाठ लावून बसला होता. गावाहून आई गेल्याची तार आली होती. तेव्हापासून वाचनालयात रोज पेपर वाचायला येणारे दोन पेन्शनर सुनांबद्दल बोलायचं झालं, की पाइपापासून चार हात लांब जाऊन बोलू लागले.

श्रावणातल्या एका दुपारी धुकं इतकं दाटलं, की समोरचं चिक्कीचं दुकान पुसून गेलं आणि मी तीन वाजताच दिवे लावले. दाजी सळई लावून बसले होते. एकाएकी त्यांचा चेहरा उतरला. "धाकले, हे ऐक." मी कान लावला. टक, टक, टक. मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा टक, टक, टक.

"वाफेचं पाणी ठोकतं ना असं? तुम्हीच सांगितलंय, दाजी."

"पाण्याचा ठोका मला कळतो. ह्यो पाण्याचा न्हाई." ते उठलेच. "कुणीतरी बोलावतंय."

त्यांना एकटं सोडवेना, म्हणून मीही निघाले. पाइपावर हात ठेवून आम्ही धुक्यातून चालत गेलो, हातभर पुढचं दिसत नव्हतं. शाळा मागे पडली. प्रसूतिगृहाच्या मागच्या कुंपणाशी दाजी थबकले. पाइपाला मिठी मारून एक बाई चिखलात बसली होती. वरच्या वाडीतून एकटी उतरलेली, नवरा कामाला बाहेरगावी गेलेला. धुक्यात पुढचं दार सापडलं नव्हतं आणि कळांनी तोंडातून आवाज फुटत नव्हता. आम्ही तिला धरून आत नेलं. दिवेलागणीला ती बाळंत झाली. मुलगी, वेळेआधीची, ओंजळीत मावेल एवढी. नर्सबाईंनी तिला टोपलीत घालून पाइपाशेजारी ठेवलं आणि दाजी आठ दिवस बॉयलरपासून हलले नाहीत. मुलगी जगली.

घरी जायच्या दिवशी मी त्या बाईला म्हटलं, "पाइप वाजवलास ते बरं केलंस."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी कुटं वाजवला, मावशी? माझ्यात हात उचलायचं बळ न्हवतं. गरम लागलं म्हून धरून बसलेली."

मी मागे जाऊन पाहिलं. तिथे पाइपावर बोटभर जाड गोणपाट होतं. दगड मारला असता तरी आवाज झाला नसता. दाजींना हे सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "मला ठावं हाय," आणि चहा ओतून घेतला.

पुढे अध्यक्ष बदलले. नव्यांना तुसाचा धूर आणि जुने पाइप दोन्ही नकोसे झाले आणि एका वैशाखात लाइन उखडायला माणसं आली. दाजी भांडले नाहीत. पाइप निघाला, की त्याच्यासाठी भिंतीत पाडलेली भोकं ते स्वतः चुन्याने बुजवत गेले, आत गारवा शिरू नये म्हणून. त्या पावसाळ्यात एका दुपारी ते वाचनालयात येऊन बसले. मी शाल पांघरून पुस्तकं पुसत होते.

"आता कसलेच आवाज नाहीत, दाजी. निवांत वाटत असेल," मी म्हटलं.

त्यांनी बुजवलेल्या भोकावर तळवा ठेवला. "निवांत कसलं, धाकले," ते म्हणाले. "लय एकटं वाटतंय."