आपल्या माणसाची गाडी

जुन्या गाडीवर कर्ज मागायला आलेल्या माणसाला मी बँकेत अक्षरशः सोलून काढत असे. इंजिनाचा नंबर जुळतो का, विमा कधी संपतोय, अपघात झाला होता का, मेकॅनिकचा दाखला कुठे आहे? त्याच मी स्वतःची गाडी घेताना बॉनेटसुद्धा उघडून पाहिलं नाही. ही गोष्ट आमच्या एस्प्लनेडच्या ऑफिसात मी कुणाला सांगितलेली नाही आणि सांगणारही नाही.

गाडी आईसाठी हवी होती. माझी कोलकात्याला बदली झाली आणि सहाच महिन्यांनी तिकडे साताऱ्याला आईची डावी बाजू गेली. भावाचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझं क्वार्टर तळमजल्यावर, आणि मी एकटी. म्हणून ती माझ्याकडे आली. आली म्हणजे आम्हीच ठरवलं आणि आणलं. इथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पहिल्या वर्षात पाय जेवढा परत येईल तेवढाच. आठवड्यातून तीन वेळा तिला फिजिओथेरपी केंद्रात आणायचं, उभं राहायला शिकवायची साधनं तिथेच आहेत, घरी येणारा माणूस नुसते हातपाय हलवून जाईल.

आणायचं कसं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. मोबाइलवरून बोलावलेल्या टॅक्सीचा ड्रायव्हर व्हीलचेअर बघायचा आणि काच वर करायचा. जो थांबायचा, त्याच्या डिकीत गॅसचं सिलिंडर, नाहीतर त्याचं अंथरूण-पांघरूण. पिवळ्या टॅक्सीत खुर्ची मावायची, पण पिवळी टॅक्सी आता दिसली तरी लोक वळून बघतात. पहिल्या महिन्यात बारापैकी पाच वेळा आम्ही नटूनथटून फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. आई म्हणायची, "असू दे गं, बाहेरची हवा तर मिळाली." मला तिच्या या समजूतदारपणाचा भयंकर राग यायचा.

दीड लाखाच्या आत, मोठ्या डिकीची, जुनी चालेल, असं मी इथल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला कुणालातरी बोलले, आणि दूध आटायच्या आत ते सगळ्यांना कळलं होतं. बागबाजारचे एक काका होते. त्यांच्या तीन पिढ्या कोलकात्यात गेलेल्या, स्वतः गणिताचे मास्तर, निवृत्त. बायको गेल्यापासून त्यांची मोठी गाडी नुसती उभी होती. ते सरळ आईच्या खुर्चीसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, गाडी घरात आहे. बाहेरच्याला द्यायची नाही असं हिने सांगून ठेवलंय. आपल्यातच द्यायची."

इथल्या आमच्या मंडळात ही रीतच आहे. बदलीवाले येतात, जातात; त्यांचे कूलर, कपाटं, चौरंग, पाळणे इकडून तिकडे फिरत राहतात. देणारा एक आकडा सांगतो, घेणारा मान हलवतो. घासाघीस करत नाहीत. वस्तू पारखून घेत नाहीत. घरातल्या बाईची, ती विधवा असली तरी, ओटी भरतात आणि वस्तू हलते. चौरंगापुरती ही रीत फार चांगली आहे.

मी घरी आल्यावर म्हटलं, रविवारी मेकॅनिकला घेऊन जाते. आईला पटलं नाही. "त्यांच्या बायकोची गाडी ती. आपल्या माणसाच्या दारात मेकॅनिक घेऊन जातात का कुणी?" मला भीड पडली. भीड भिकेची बहीण, हे मला शाळेत असल्यापासून पाठ आहे, आणि शिकवलं आईनेच.

बागबाजारच्या त्या गल्लीत गाडी धुऊन पुसून उभी होती. खुर्ची डिकीत एका दमात गेली. तेवढ्यावर मी खूश. काकूंच्या फोटोला नमस्कार झाला, काकांच्या सुनेने आईची ओटी भरली, सगळ्यांनी पेढा खाल्ला. काका म्हणाले, "थोडी जपून चालव हं. तिला घाई आवडत नाही." हे गाडीबद्दल होतं की काकूंबद्दल, ते विचारायची सोय नव्हती.

गाडीला घाईच काय, काहीच आवडत नव्हतं. पहिल्या आठवड्यात मागचं डावं दार अडकलं ते कायमचं. म्हणजे आईला उजवीकडून, भर रहदारीच्या अंगाने उतरवायचं. मागच्या काचा खाली यायच्या नाहीत. एसी चालू केला की इंजिन तापायचं, बंद केला की आई तापायची. पुढची सीट मागे सरकत नव्हती, त्यामुळे तिचा पाय तिथे मावत नव्हता. मेकॅनिकने गाडीखालून बाहेर येऊन हात पुसले आणि बंगालीत विचारलं, "ओळखीच्या माणसाकडून घेतलीत ना?" गाडीची पंधरा वर्षं आठ महिन्यांत भरत होती, मग पुन्हा नोंदणी, तपासणी आणि तपासणीत पास होण्यासाठी सगळी दुरुस्ती. तारीख कागदावर ठळक लिहिलेली होती. मी ती वाचलीच नव्हती.

विकावी तर काकांना कळणार, आणि मंडळातही. परत करावी तर आजवर कुणी वस्तू वाईट निघाली म्हणून परत केलेली नाही. बदली झाली, नाहीतर गरज संपली, तरच वस्तू मूळ घरी जाते. काका दर रविवारी आईला फोन करायचे. "कशी चालतेय?" आणि आई म्हणायची, "उत्तम." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. आठवड्यातून तीन वेळा मी ऑफिसातून लवकर निघायचे, साहेबांची नजर चुकवायचे, आणि त्या डब्यात बसून किल्ली फिरवताना देवाचं नाव घ्यायचे. देवावर माझा फारसा विश्वास नाही.

तरीही गाडी घेतल्यापासून सातव्या महिन्यात आई दोन दांड्यांच्या मधे चार पावलं चालली. केंद्रातल्या बाई टाळ्या वाजवत होत्या. आई पाचवं पाऊल टाकायला तयार होती, त्यांनीच थांबवलं.

त्यानंतरच्याच आठवड्यात खिदिरपूरला आम्ही अडकलो. जहाज आत घ्यायला गोदीतला पूल उघडला होता, रस्ता ठप्प. पुढे कंटेनरचा ट्रेलर, मागे ट्रेलर, दोन्ही बाजूंना ट्रेलर. मे महिना, दुपार. गाडीचा काटा लालवर गेला म्हणून मी इंजिन बंद केलं. नंतर पूल मिटला, पुढचा ट्रेलर हलला, आणि आमची गाडी सुरू होईना. मागच्यांनी भोंगे धरले. डावं दार उघडत नव्हतं, उजव्या दाराला ट्रेलरचं चाक चिकटलेलं. मागच्या काचा बंद. आईच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायचं सोडून तिचा उजवा हात पर्समध्ये माझ्यासाठी पाण्याची बाटली शोधत होता. ती म्हणाली, "होईल गं सुरू. शांत राहा."

मी शांत राहिले नाही. स्टिअरिंगवर हात आपटले आणि म्हणाले, "मला नको आहे हे. गाडी नको, ते केंद्र नको, काहीच नको. कुठून अडकले मी यात! माझं आयुष्य असं नव्हतं." बोलताना मला गाडीचाच राग आला होता असं मी नंतर स्वतःला पुष्कळ समजावलं. ते खरं नाही. मला जे म्हणायचं होतं तेच मी म्हणाले होते. आईने बाटली पुढे केली. मी पाणी प्यायले. चार हमालांनी गाडी ढकलत कडेला नेली. इंजिन थंड झाल्यावर ती सुरू झाली.

आईने तो विषय काढला नाही. शनिवारी तिने सांगितलं, उद्या मला बागबाजारला ने. मला वाटलं, काकांना ती गाडीची खरी हकिकत सांगणार. मी मनातल्या मनात वाक्यंही जुळवून ठेवली. काकांना वाईट वाटणार नाही अशी.

काकांनी चहा केला. आईने एका हाताने कप उचलला, घोट घेतला आणि म्हणाली, "मास्तर, तुमची गाडी लक्ष्मीसारखी निघाली. पण आता मी साताऱ्याला जाते. मुलाकडे. आता मला बरं वाटतंय, व्यायाम काय घरीही होतो. मी नसल्यावर एवढी मोठी गाडी हिला काय करायची? तुमची वस्तू तुमच्या घरी आलेली बरी."

साताऱ्याला भावाचं घर दुसऱ्या मजल्यावर, हे तिला माहीत होतं. तिथे केंद्र नाही, हेही माहीत होतं. काका उलट आनंदले. ते म्हणाले, माणूस बरा होऊन घरी जातो यापेक्षा चांगलं काय, पैसे उद्याच बँकेत भरतो, आणि किल्लीसाठी माझ्यापुढे हात केला.

आई माझ्याकडे पाहत होती. ती थांबली होती. एवढंच म्हणायचं होतं, "आई, कुठेही जायचं नाही." आमच्यात कुणी पाहुणाही निघाला तर आपण दोनदा राहा म्हणतो.

मला मोकळं वाटलं. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं खरोखर मोकळं वाटलं, आणि ते तोंडावर दिसू नये म्हणून मी पर्समध्ये किल्ली शोधत बसले. किल्ली वरच होती. आईने ते पाहिलं. तिने उरलेला चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला आणि काकांना म्हणाली, "मग ठरलं तर."